शी'ल बी राइट

मर्डो मॅकेरो, वय एकाहत्तर,
गोर गावाबाहेर सातशे मेंढ्या, दोन कुत्री,
ट्रॅक्टर एक, तोही चुलत्याचा.
पंप खोकायला लागला की एक लाथ,
आणि वर: शी'ल बी राइट.
होईल ती ठीक.

ती कोण?
पंप मराठीत तरी पुरुष आहे.
कुंपण तर नपुंसक.
आणि ज्या भाषेत वस्तूंना लिंगच नाही
तिथे सगळं गळकं, गंजकं, अर्धवट
एका बाईच्या नावावर.
तारेने बांधलेलं फाटक: ती.
गोठ्याच्या उंबऱ्याशी आलेलं पुराचं पाणी: ती.
बँकेचं न फोडलेलं पाकीट, फ्रिजवर: तीच.

अर्थ विचारला की मर्डो खांदे उडवतो.
म्हणजे आता हात लावू नकोस,
किंवा हात लावून उपयोग नाही,
किंवा चहा टाक.

जूनच्या थंडीत नोलीनला
इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात ठेवलं.
डॉक्टर पोरसवदा, पोलंडहून आलेला,
दीड महिना झालेला.
रिपोर्ट मिटला, आणि नर्सांकडून उचललेलं वाक्य
शब्द न् शब्द पुसून पुढे ठेवलं:
शी'ल बी राइट.

मर्डोने टोपी गुडघ्यावर फिरवली.
बराच वेळ.
"पोरा,
हे पंपाला म्हणायचं असतं."

त्या रात्री पंप पुन्हा खोकला.
लाथ नाही मारली.
पाने आणले, बॅटरी दातांत धरली,
एकेक नट सोडवत बसला उजाडेपर्यंत.
शेवटी एक वायसर उरला, कुठला ते कळेना.
खिशात टाकला.