चौदावी शिडी

भाचा पुएर्तो माँतहून कोर्स करून आला,
येताना चौकटीत बसवलेले चार शब्द घेऊन आला:
सचोटी, दर्जा, आदर, जबाबदारी.
खाली आमच्या वर्कशॉपचं नाव, सोनेरी.
दोन्या एदेल्मिरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला,
वाचलं, म्हणाल्या, "छान आहे,"
आणि जिथून समुद्राचा वारा आत घुसतो
त्या फळीच्या भोकावर टांगलं.

आम्ही शिड्या करतो.
चिलोए बेटावरच्या सफरचंदांना लागतात तशा,
वर निमुळत्या, फांद्यांत शिरणाऱ्या.
एका शिडीला अकरा पायऱ्या,
बावीस कुसवं, बावीस खाचा,
लाकूड दोन हिवाळे छपराखाली झोपलेलं.

त्या वर्षी ते एकच हिवाळा झोपलं होतं.
ऑर्डर घाईची. मला ठाऊक होतं.
ओलं लाकूड रंध्याखाली फार गोड वागतं,
लांब, रेशमी सालपं सोडतं.
मी बोललो नाही.
खोटं तर नाही ना बोललो,
अशी समजूत घालत
चौदा शिड्या घासून गुळगुळीत केल्या.

मार्चमध्ये केउई बेटावरून एलेउतेरिओ आला
हातोड्याला दांडा बसवून घ्यायला.
हसत हसत म्हणाला,
"तुमच्या शिडीची सातवी पायरी किल्लीसारखी फिरते.
तारेनं बांधलीय. आता बरी आहे."
तक्रार नव्हती. पैसे मागितले नाहीत.
दांडा बसवून घेतला, चहा प्यायला, गेला.

दोन्या एदेल्मिरांनी माझ्याकडे पाहिलं.
माझी नजर भुशात.
त्यांनी विक्रीची वही उघडली, बोट फिरवत चौदा नावं वाचली,
दाराला आतून कडी घातली.
ऐन तोडणीचा हंगाम. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी.

नऊ दिवस आम्ही लाँचमधून हिंडलो.
प्रत्येक अंगणात त्या तेच सांगायच्या,
"लाकूड ओलं होतं, चूक आमची आहे."
कुणी कोकरू कापायला निघालं,
कुणी दारावरूनच ओरडलं.
लेमुईला इसोलिना नावाची म्हातारी शिडी सोडेना.
"चांगली आहे माझी शिडी! उगाच काय?"
तेव्हा त्या मला म्हणाल्या,
"चढ."

मी चढलो.
एक, दोन, तीन. चौथी जराशी कुरकुरली.
सहाव्या पायरीवर माझ्या हाताचं लाकूड
माझ्या हातात फिरलं,
आणि खाली सफरचंदांची टोपली,
तिच्याजवळ बसलेला इसोलिनाचा नातू
मला एकदम फार लहान दिसला.
कुणीच काही बोललं नाही.
मी उतरलो तेव्हा म्हातारीनं शिडी स्वतःच आडवी केली.

खर्च निघाला तो दोघांत वाटला.
"अर्धा तुझ्या पगारातून," त्या म्हणाल्या,
"अर्धा माझ्याकडून. ऑर्डर मी घेतली होती."
मला राग आला होता, हेही लिहून ठेवतो.
आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

तेरा शिड्या परत आल्या.
तेरांचं सरपण झालं, हिवाळाभर पुरलं, धूर फार करायचं.
चौदावीसमोर वहीत नुसतं लिहिलंय:
"लाल टोपीवाला, रोख."
पाच वर्षं झाली. अजूनही लाँचवर चढताना
दोन्या एदेल्मिरा खलाशाला विचारतात,
लाल टोपीवाला कुणी, बागवाला, उंच?
खलाशी बदलतात. प्रश्न तोच राहतो.
आणि वारा सुटलेल्या रात्री मला जाग येते,
कुठल्यातरी बेटावर कुणीतरी
सातव्या पायरीवर पाय ठेवतंय.

चौकटीतले शब्द दमटपणानं फुगलेत.
'आदर'मधला 'र' पुसट झालाय.
भोकातून वारा येत नाही, तेवढं मात्र खरं.

परवा भाचा आला, वर्कशॉप बघत फिरला.
मी प्रत्येक पायरीवर बोटाच्या पेरानं टकटक करत होतो.
कोरडं लाकूड खणखणीत बोलतं,
ओलं गिळून टाकतं.
त्यानं विचारलं, "हे आपल्या चारांपैकी
नेमकं कशात बसतं?"
मी थोडा विचार केला.
म्हटलं, "माहीत नाही रे.
ते टोक धर जरा."