शिवण

दिवाडीला फेरीबोट लागली तेव्हा
इगर्जीची घंटा थांबत आली होती.
पेटीत कितेरिया दियश, शिंपीण.
बोटातलं अंगुस्तान काढायला कुणी विसरलं होतं.

पाद्रीबाब सांगत होते त्या बारा जणांचं,
जाळी टाकून पाठोपाठ निघालेल्यांचं.
बाकांवर बायका, माना खाली.

मग एर्मेलिंदा उठली.
पिशवीतून काढला बाप्तिस्म्याचा झगा,
पिवळा पडलेला, तीन पोरांना पुरलेला.
"हो तिणें शिंवलो," एवढंच.
मग कुणी उशीचा अभ्रा, कुणी
नवरा गेला त्या रात्री उसवून
सकाळपर्यंत काळा करून दिलेला ब्लाऊज.

यापोच्या माडीवर अशाच उभ्या होत्या विधवा,
टबीथाने शिवलेले अंगरखे
पेत्रापुढे धरून.
तिला शिष्या म्हटलंय. हा शब्द
तिथे एकदाच येतो.
युनियाच्या नावाला तर पुढे कुणी
शेपूट जोडलं, आणि झाला पुरुष.

इगर्जीच्या वहीत
वेदीवरच्या चादरीपुढे लिहिलंय:
जुझे दियश यांजकडून.
जुझेला सुईत दोरा ओवता येत नसे.

टबीथा उठून बसली होती म्हणतात.
इथे कुणी उठलं नाही.
पाद्रीबाबांनी चष्मा काढून पुसला,
पुसतच राहिले.

मी त्यांच्यातली नव्हे,
मराठी शाळेतली बाई, देवळापलीकडे राहणारी.
तरी पोलक्याची कड उलटी केली:
तेच टाके, तांदळाच्या कणीएवढे.
मोजू लागले.
बारा झाले,
अजून बाहीसुद्धा आली नव्हती.