नक्कल

वाळवीनं एकतीस ते चौतीस सबंध खाल्ली आहेत.
उरलेलं मी नव्या वहीत उतरवते आहे,
मंडळीची शंभरी आली म्हणून, माझं अक्षर बरं म्हणून,
आणि पाळकसाहेबांना दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून.

पहिलं नाव: दित्या होन्या सोनवणे, भिलाटी, बुराईकाठ.
साहेब म्हणाले, बाप्तिस्म्याला नवं नाव घे, शिमोन घे.
तो म्हणाला, मी ते पहिलेच दितवारना शे.
साहेबांना हसायला दोन महिने लागले;
मराठी शिकून आले होते, अहिराणी नव्हती.

देऊळ नव्हतं. निंबाखाली बसत.
रेवजीनं दोंडाईच्याहून रुळाचा तुकडा डोक्यावर आणला,
फांदीला टांगला, फाळानं ठोकला.
घंटा ती.

विटा बायकांनी भाजल्या. वहीत एवढंच: "भिंती झाल्या."
आजीच्या पोटरीवर भट्टीचा डाग होता,
तो कुठल्या रकान्यात लिहू?

पिकाच्या सणाचा लिलाव मात्र तपशीलवार आहे:
डांगर एक, सव्वा रुपया. घेणाऱ्यानं परत अर्पण केलं.
तेच डांगर, दहा आणे. परत अर्पण.
तिसऱ्यांदा मार्थाबाईच्या घरी पोचवलं, दाम नाही.

मग अठ्ठावन्न. चावी कोणाकडे राहावी, यावरून.
वरच्या आळीनं रात्री करवतीनं रूळ कापला,
आपला वाटा नेला.
लहान तुकडा चढा वाजतो, मोठा ढाला,
अजून, दोनशे पावलांवर, एकाच वेळी.
मयत झाली की दोन्ही वाजतात, मागेपुढे.
नवा माणूस विचारतो, किती गेले?

पान बहात्तर.
"गुलाब दित्या सोनवणे. मोहाची प्याला.
सहा महिने प्रभुभोजनातून बाहेर."
खाली "परत घेतले" लिहायला एक ओळ सोडलेली.
कोणी लिहिलं नाही.
विसरले असतील. तो भांडणाचाच पावसाळा.

सहा महिने एकोणचाळीस वर्षं चालले.
आजोबा दर रविवारी दाराजवळ बसायचा.
पेला फिरू लागला की उठून बाहेर जायचा,
सगळ्यांच्या चपला जोडीनं लावायचा.

पेन माझ्या हातात आहे.
पाळकसाहेब चहाला गेलेत.
शाईसुद्धा जवळपास तशीच निळी.

मी पान उतरवलं.
ओळ सोडली,
तेवढीच.