वाला

गुदैबियात एका पॉलिक्लिनिकच्या तळघरात
मी हाडांचे फोटो काढतो.
भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद:
'हलू नका', 'श्वास रोखा',
अरबी, उर्दू, मल्याळम, बंगाली
आणि तळाशी 'फिलिपिनो'.
एका देशाला एक ओळ पुरते
असं सहा वर्षं धरून चाललो होतो.

त्या रात्री शमाल सुटला होता,
लिफ्टच्या फटीतूनही रेती येत होती.
मालकाच्या ड्रायव्हरने तिला दारात सोडलं.
पडदे लावताना स्टुलावरून पडली,
एवढं बोलून तो गाडीत जाऊन बसला.
क्रिसांता. वय एकोणतीस.
दोन्ही हात पोटाशी घट्ट,
कुठला दुखतोय तेही कळू नये असे.

मी नर्सला हाक मारली. लुझविमिंडा.
लुझोन, विसायास, मिंदानाव:
बारशालाच अख्खा देश एका नावात कोंबलेला.
तिने विचारलं, कुठे दुखतंय?
वाला, क्रिसांता म्हणाली.
पुन्हा विचारलं. वाला. वाला.
'काही नाही म्हणतेय,' लुझविमिंडा मला म्हणाली,
'घाबरलीय नुसती,'
आणि तसं लिहायला पेनचं टोपण काढलं.

मला वाला म्हणजे रद्दीवाला,
चोपड्याच्या बाजारातला केळीवाला.
मी गप्प.

रोदेलियो फरशी पुसत होता. बोहोल बेटाचा,
रात्रपाळीला बादलीशीसुद्धा बोलणारा.
त्याने पोछा भिंतीला टेकवला.
'नाही सिस्टर, डावा. डावा हात म्हणतेय ती.
आमच्याकडेही तेच.
वाला, शेवट मोकळा सोडला तर डावा.
घशातच तोडला तर काही नाही.'

लुझविमिंडा कानापर्यंत लाल झाली.
ती पाम्पांगाची. 'माझ्या घरात तर तिसरंच बोलतात,
मनिलाचं मी शाळेत शिकले.
हीसुद्धा शिकली असणार.
पण दुखायला लागलं की
शाळा कुठे आठवते.'

मग रोदेलियोमार्फत मी विचारलं,
काही नाही याला तुम्ही काय म्हणता?
वाराय.
आणि तुमच्या भाषेचं नाव?
वाराय.
तेव्हा ती हसली, दात आवळून, अर्धंच.
समार बेटावरची अख्खी भाषा,
नाव विचारावं तर सांगते: नाही.

पहिल्या फोटोत डाव्या मनगटात केसाएवढी चीर दिसली.
लुझविमिंडाने फॉर्मवरचं 'काही नाही' दोनदा खोडलं.
भाषेच्या रकान्यात मात्र 'फिलिपिनो'च राहिलं,
रकाना लहान होता.

दुसऱ्या फोटोला हात आडवा करावा लागतो.
मी बोटं धरली तशी ती कळवळली
आणि माझ्या तोंडून गेलं:
'हालू नको माय, व्हई जाई.'

हे कागदावर नव्हतं.
मंडळाच्या गणपतीत मी छापील मराठी बोलतो.
एकदा आभार मानताना मध्येच 'शे' निसटलं होतं,
तर पहिल्या रांगेतल्या बाईंनी
रुमाल तोंडाशी नेला.
तेव्हापासून आईचा फोन आला
की मी जिन्यात जातो.

मशीन गुरगुरून थांबलं.
क्रिसांता जराही हलली नव्हती.
लुझविमिंडाने विचारलं, 'हिंदी होतं?'
नाही.
'मग मराठी?'
वर रस्त्यावर ड्रायव्हर हॉर्न देत होता.
हो म्हणणं सोपं होतं, खोटंही ठरलं नसतं.

'अहिराणी,' मी म्हणालो.

रोदेलियोने पोछा उचलता उचलता
तो शब्द एकदा म्हणून पाहिला,
शेवट मोकळा सोडून.