कुरळं टोक

शनिवारी सकाळी अंगणात टेबल मांडलं,
व्हर्जिलच्या अकरा काठ्या कुंपणाला टेकवल्या,
पुठ्ठ्यावर किंमत लिहिली,
मग खोडून थोडी कमी केली.
कूसा नदीकडे जाणारे पिकअप
आमच्या फाटकापाशी हळू होतात.

मी आयुष्यात कधी गळ टाकला नाही.
तरी लोक मलाच विचारतात, आणि मी सांगते:
ही सात फुटी, कमरेत ताठ, वाकतो तो फक्त शेंडा.
पाणवेलींसाठी. बास आमिष घेऊन गवतात घुसला
की त्याला गवतासकट उपसावं लागतं.
ती बारकी मार्चच्या गार, नितळ पाण्यासाठी,
मासा नुसता हुंगून निघून जातो तेव्हाची.
रबरी बेडूक हवा तर न्या,
पण त्याच्याभोवती पाणी फुटलं की लगेच हिसका नको.
व्हर्जिल आधी मनात माझं अख्खं नाव घ्यायचा,
ओपल जून रॅटक्लिफ,
आणि मगच काठी मागे खेचायचा.

रिळावर अंगठा ठेवा.
दाबलात तर आमिष पायाशी पडेल,
सोडलात तर दोऱ्याचं घरटं होईल.
असली घरटी मी स्वयंपाकघरात
विणकामाच्या सुईनं सोडवलीत,
ओव्हनमध्ये मक्याचा पाव करपेपर्यंत.

दहाच्या सुमाराला शेजारच्या गल्लीतला क्विन्सी आला.
बारा वर्षांचा, मुठीत चौदा डॉलर, घामेजलेले.
काठीचं वजन पाहिलं, रीळ कानाशी धरून फिरवलं,
मग म्हणाला, "गाठ कोणती मारू?"

सकाळपासून हे कुणीच विचारलं नव्हतं.

दोरा दुमड. गळाच्या डोळ्यातून ओव.
साधी गाठ मार, पण सैल.
आता जो फास झालाय, त्यातून अख्खा गळ पलीकडे ने.
थांब. थुंकी लाव.
कोरडी ओढलीस तर दोरा आतून भाजतो,
आपल्याला दिसत नाही,
माशाला कळतं.

शेवटची तीन वर्षं व्हर्जिलची बोटं
चहाचा कपसुद्धा धरू देत नव्हती.
रात्री दिव्याखाली मी सहा काठ्या बांधून ठेवायची,
पहाटे चारला ड्यूई त्याला होडीत बसवायचा.
त्या तीन वर्षांतला त्याचा प्रत्येक मासा
माझ्या थुंकीवर लटकून वर आला.
धक्क्यावर हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.
मीही नाही.

क्विन्सीला शिसं हवं होतं, म्हणून पेटीचा तळ उपसला.
खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत
शिशाच्या मण्यांखाली वीतभर दोरा निघाला,
एक टोक कापलेलं,
दुसरं डुकराच्या शेपटीसारखं कुरळं.

दोरा तुटला तर टोक खरखरीत होतं.
गाठ सरकली तर ते असं वळतं.
हे मला त्यानंच शिकवलं होतं, कधीतरी,
बटाटे सोलताना.

ऑक्टोबर होता. होडी विकायची की नाही,
यावरून आम्ही रात्री बारापर्यंत भांडलो होतो,
आणि मी सहाच्या सहा गाठी कोरड्याच खेचल्या होत्या.
दुपारी तो दारात उभा राहून म्हणाला,
"नऊ पौंडांचा होता, ओपल. बुंध्याला घासून तुटला."
मी म्हटलं, "नशीब."
त्यानं मान हलवली, बूट काढायला वाकला,
आणि त्या दिवशी त्या नाड्या
मला सोडू दिल्या नाहीत.

आता क्विन्सीनं गळ कुंपणाच्या तारेत अडकवलाय,
दोन्ही पाय रोवून ओढतोय.
तार वाकते. गाठ तशीच.
"उरलेला दोरा दातांनी तोडू?"
कात्री घे, म्हटलं. दात अजून खूप वर्षं लागतील तुला.

मी ते टोक बोटानं सरळ करते,
सोडलं की पुन्हा वळतं.
फाटकातून कुणीतरी ओरडतंय,
त्या ताठ काठीचे शेवटचे किती घ्याल?