जमिनीखालचं बंद

पोवई नाक्याच्या दवाखान्यात मॅडमनी
कागदावर लिहिलं, मग मोठ्यानं वाचलंही:
साखर दोनशे शहाऐंशी.
"हिंदुराव, जमिनीखालचं बंद."

मला हसू आलं.
चाळीस वर्षं पुसेगावात बटाट्याची पोती तोलली,
नखांत अजून तीच माती.
जमिनीखालचं बंद म्हणजे
दुकानच बंद की.

एसटीत केराबाईनं कागदाची
दोनदा घडी घातली, दोनदा मोडली.
"मुळा कुठं झाडाला लागतो?
तो देणार, पाल्यासकट.
गाजर कच्चं, दातांना काम.
आल्याचा तुकडा चहात, बिनसाखरेच्या.
आणि बीट..."
इथं ती थांबली.
धाकटीच्या बाळंतपणात रक्त कमी भरलं,
तेव्हा महिनाभर हिची बोटं लाल होती
किसून किसून.
लेक उठली ती कशानं, गोळ्यांनी की बिटानं,
हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

रताळ्याचं नाव तिनं काढलंच नाही.
एकादशीला माझ्याकडं पाठ करून खाते
आणि भाजकी साल तेवढी
माझ्या ताटलीत सरकवते:
करपट, गोडाचा नुसता वास.
"सालीतच सगळं असतं," म्हणते.
कुणी सांगितलं, मी विचारत नाही.

परवा परड्यात सुरणाला कोंब दिसला.
कधी लावला होता, कुणास ठाऊक.
कुदळ भिंतीला होती, तिथंच ठेवली.
जमिनीखालचं
राहू दे सध्या जमिनीखाली.
घाई कुणाला आहे.