अंश

मगदूम बाईंच्या निरोपाआधी मी काचसामान मोजलं.
नऊ फ्लास्क, एकाच्या मानेला तडा.
पहिली सात वर्षं त्या एकच रेणू बांधत होत्या;
शेवटच्या पायरीला दरवेळी डांबर.
"टाका, आण्णाप्पा," म्हणायच्या,
आणि पुन्हा ईथर मागायच्या.

मग तासगावची द्राक्षं आली,
वाटून, गाळून, फवाऱ्याचं औषध किती उरलं ते बघायला.
एक घड त्यांच्याच भावाच्या बागेतला.
आकडा त्यांनी खोडला नाही.
भाऊ दोन दिवाळ्या आला नाही.

पन्नाशीनंतर चांदी धरली,
इतकी बारीक केली की पिवळी दिसायला लागली.
मी म्हटलं, ही तर सांगलीच्या पेठेतली हळद.
नोंदवहीत तसंच लिहिलं त्यांनी: रंग, हळदीचा.

आज ओट्यावर द्राक्षं ठेवून गेल्या.
चिठ्ठीत एवढंच:
धुऊन खा. भावाची आहेत.